एक कर्ज, दोन प्रतिज्ञापत्रं : १९५८ च्या निवडणुकीतली होणारी शिक्षिका

सप्टेंबर १९५८ मध्ये अमेरिकेत दहा दिवसांच्या अंतराने दोन सह्या झाल्या. २ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 'नॅशनल डिफेन्स एज्युकेशन ॲक्ट' या कायद्यावर सही केली. त्यातून कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना, आणि त्यातही पुढे शिक्षक व्हायचं म्हणणाऱ्यांना, स्वस्तात कर्ज मिळणार होतं. १२ सप्टेंबरला दक्षिणेतल्या आर्कान्सा राज्याचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी विधिमंडळाच्या खास अधिवेशनात घाईघाईने मंजूर झालेल्या कायद्यांवर सही केली. त्यातल्या एका कायद्याने गव्हर्नरला सरकारी शाळा बंद करायचा अधिकार दिला. दुसऱ्याने शिक्षकांना नोकरीसाठी एक प्रतिज्ञापत्र भरायला लावलं. आणि ४ नोव्हेंबरला काँग्रेसची निवडणूक झाली.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. इथे काँग्रेस म्हणजे आपल्याकडचा पक्ष नव्हे, अमेरिकेची संसद. आणि १९५८ च्या निवडणुकीला 'मध्यावधी' म्हणतात ते आपल्या अर्थाने नाही. आपल्याकडे मध्यावधी म्हटलं की सरकार पडलं असणार. तिथे राष्ट्राध्यक्षांची चार वर्षांची मुदत अर्धी झाली की ठरल्या तारखेला हाउसच्या सगळ्या आणि सेनेटच्या साधारण एक तृतीयांश जागांची निवडणूक होतेच.

आता प्रश्न असा : त्या शरद ऋतूत जी मुलगी शिक्षिका होण्यासाठी शिकत होती, तिला या निवडणुकीतल्या शिक्षणधोरणाबद्दल काय वाटत होतं? (मुलगी म्हणतो, कारण प्राथमिक शाळांत शिकवणाऱ्यांत बायकाच खूप जास्त होत्या. मुलगेही होतेच.) प्रश्न ऐकायला सोपा आहे. संशोधन-आराखड्यात लिहिला तर गाइड मान डोलावतील. पण उत्तर शोधायला बसलं की पहिल्या आठवड्यातच कळतं की नेहमीच्या साधनांत ही मुलगी सापडतच नाही.

का सापडत नाही? तिला मत नव्हतं. तेव्हा बहुतेक सगळ्या राज्यांत मतदानाचं वय २१ होतं, जॉर्जिया आणि केंटकी एवढेच १८ वर्षांचे अपवाद. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कॉलेजात शिरलेली मुलगी मतदारयादीत नसायची. आर्कान्सामध्ये २१ पूर्ण झाली तरी आधी पोल टॅक्स, म्हणजे मतदानासाठी द्यायचा कर, भरून त्याची पावती घ्यावी लागे. निवडणुकीचा इतिहास लिहिणारे मतांचे आकडे बघतात, मतदारांच्या चाचण्या बघतात, उमेदवारांची भाषणं बघतात. त्या तिन्ही ठिकाणी ही मुलगी विषय म्हणून येते, बोलणारी म्हणून येत नाही. 'आपल्याला चांगले शिक्षक हवेत' हे वाक्य तेव्हाच्या भाषणांत पैशाला पासरी होतं. शिक्षक होणारीला काय हवंय, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

म्हणून मला वाटतं, तिचं मत मतपेटीजवळ शोधण्यात अर्थ नाही. धोरण तिच्या हातात ज्या रूपात आलं, तिथे शोधायला हवं. आणि ते आलं छापील फॉर्मच्या रूपात. म्हणून तिने कुठल्या कागदावर सही केली, कुठल्या कागदापुढे थांबली, तिकडे वळू.

पहिला कागद कर्जाचा. हा कायदा कसा झाला याची लोकप्रिय गोष्ट सगळ्यांना पाठ असते : ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिका घाबरली आणि शिक्षणावर पैसा ओतला. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. संघराज्य सरकारने शाळांना पैसे द्यावेत ही मागणी स्पुटनिकच्या कितीतरी आधीपासून काँग्रेसमध्ये धडका देत होती आणि दर वेळी अडत होती. अडायची कारणं दोन-तीन होती, त्यातलं सगळ्यात टोकदार होतं वंशभेदाचं. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राउन' खटल्यात सांगितलं की गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य आहेत. त्यानंतर शाळाबांधणीचं विधेयक आलं की हार्लेमचे काळे प्रतिनिधी ॲडम क्लेटन पॉवेल उपसूचना मांडत : जे राज्य न्यायालयाचा निकाल पाळत नाही त्याला पैसे नाहीत. १९५६ मध्ये ही उपसूचना मंजूर झाली आणि मग अख्खं विधेयकच पडलं, १९४ विरुद्ध २२४ मतांनी. दक्षिणेतले प्रतिनिधी तर विरोधात गेलेच, पण शाळांना संघराज्याचा पैसा मुळातच नको असलेल्या काहींनी उपसूचनेला मत देऊन नंतर विधेयकाच्या विरोधात मत दिलं. हा डाव नीट समजून घ्या. संसदीय मतदानाच्या नोंदी वाचताना नुसतं 'बाजूने-विरोधात' मोजलं तर तो दिसत नाही.

१९५८ चा कायदा पुढे रेटणारे दोघंही अलाबामाचे होते : सेनेटमध्ये लिस्टर हिल आणि हाउसमध्ये कार्ल एलियट. दोघांनीही १९५६ च्या 'सदर्न मॅनिफेस्टो'वर, म्हणजे ब्राउन निकालाला विरोध करणाऱ्या जाहीरनाम्यावर, सही केलेली होती. शिक्षणासाठी पैसा हवा ही त्यांची तळमळ खरी होती, विशेषतः एलियट गरीब भागातून आलेले होते. पण वंशाचा प्रश्न आत शिरला तर विधेयक मरणार, हे त्यांना १९५६ ने शिकवलं होतं. म्हणून नावात 'डिफेन्स' आलं. संरक्षणाच्या नावाखाली शिक्षण आत गेलं आणि शाळांतला वंशभेद बाहेर राहिला. त्याच कायद्याच्या सुरुवातीलाच एक कलम घातलेलं आहे : या कायद्याने कुठल्याही संघराज्य खात्याला कुठल्याही शाळेच्या अभ्यासक्रमावर, कारभारावर किंवा नोकरवर्गावर नियंत्रण मिळणार नाही. 'नोकरवर्गावर' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मूळ आराखड्यात शिष्यवृत्त्या होत्या. हाउसमध्ये त्या कापून त्यांची कर्जं झाली. फुकट पैसा दिला तर पोरं बिघडतील असा एकंदर सूर. कर्जाच्या अटी मात्र तेव्हाच्या मानाने बऱ्याच सौम्य होत्या : वर्षाला जास्तीत जास्त १,००० डॉलर, एकूण ५,०००, व्याज ३ टक्के, फेड शिक्षण संपल्यानंतर एका वर्षाने सुरू आणि दहा वर्षांत. कर्ज देताना शाळेत शिकवू इच्छिणाऱ्या हुशार विद्यार्थ्यांचा, आणि विज्ञान, गणित, इंजिनिअरिंग किंवा परदेशी भाषांत गती असणाऱ्यांचा खास विचार व्हायचा. पण खरी गंमत पुढे आहे. कर्ज घेणारी सरकारी प्राथमिक किंवा माध्यमिक शाळेत पूर्णवेळ शिकवू लागली की दर वर्षाला १० टक्के कर्ज माफ, जास्तीत जास्त निम्मं. म्हणजे चार वर्षांत ४,००० डॉलर घेतलेल्या मुलीने पाच वर्षं शिकवलं तर २,००० डॉलर फेडायचे नाहीत. कर्जमाफी ही काय चीज आहे हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथे माफी आधीच कायद्यात लिहिलेली होती आणि ती नोकरीला बांधलेली होती. ती नोकरीही फक्त सरकारी शाळेतली. खाजगी शाळेत शिकवणाऱ्यांना १९५८ च्या मूळ कायद्यात ही सूट नव्हती.

त्याच कागदाला एक शेपूट होतं. कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाने देशनिष्ठेची शपथ घ्यायची, आणि वर एक प्रतिज्ञापत्र द्यायचं की सरकार बळाने किंवा बेकायदा मार्गाने उलथवण्याची शिकवण देणाऱ्या कुठल्याही संघटनेवर माझा विश्वास नाही, मी तिची सदस्य नाही आणि तिला पाठिंबा देत नाही. शेतकऱ्याला बियाण्यासाठी सरकारी कर्ज मिळताना असलं काही लिहून द्यावं लागत नव्हतं, हा मुद्दा तेव्हाच्या टीकाकारांनी काढला होता आणि तो बिनतोड होता. १९५९ मध्ये हार्वर्ड आणि येल योजनेतून बाहेर पडली. सेनेटर जॉन केनेडी यांनी त्याच वर्षी हे प्रतिज्ञापत्र रद्द करायचा प्रयत्न केला, तो फसला. या वादावर लिहिलेलं बरंच काही हार्वर्ड-येलच्या बाजूने लिहिलेलं आहे, आणि मला ते थोडं खटकतं. स्वतःची तिजोरी भरलेल्या विद्यापीठाने तत्त्वासाठी कर्ज नाकारणं आणि एखाद्या राज्याच्या शिक्षक-महाविद्यालयातल्या मुलीने ते नाकारणं या दोन गोष्टी एका तराजूत बसत नाहीत. तिने सही केली म्हणजे तिला प्रतिज्ञापत्र पटलं, असा निष्कर्ष कागदावरून काढता येत नाही. फी भरायची होती, एवढंच निघतं.

दुसरा कागद बघायला आर्कान्साची राजधानी लिटल रॉक इथे जावं लागेल. सप्टेंबर १९५७ मध्ये तिथल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून फॉबस यांनी राज्याचे नॅशनल गार्ड उभे केले, आणि शेवटी आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावं लागलं. हे फोटो जगभर गेले. त्यापुढचं वर्ष मात्र फारसं कुणाला आठवत नाही. १२ सप्टेंबर १९५८ ला सर्वोच्च न्यायालयाने 'कूपर विरुद्ध ॲरन' खटल्यात सांगितलं की एकत्र शाळांची प्रक्रिया पुढे ढकलता येणार नाही. त्याच दिवशी फॉबस यांनी नव्या कायद्यावर सही करून शहरातली चारही सरकारी हायस्कूलं बंद केली : सेंट्रल, हॉल, टेक्निकल आणि काळ्या मुलांचं होरेस मॅन. २७ सप्टेंबरला शहरात मतदान झालं; एकत्र शाळांच्या विरोधात १९,४७०, बाजूने ७,५६१. साडेतीन हजारांहून जास्त मुलांची शाळा वर्षभर बुडाली. शिक्षकांचे करार मात्र चालू होते, त्यामुळे शिक्षक रिकाम्या वर्गांत हजेरी लावत होते. गोऱ्या मुलांसाठी ऑक्टोबरमध्ये एक खाजगी हायस्कूल उघडलं. काळ्या मुलांसाठी तसं काही उघडलं नाही.

आता वरची कर्जमाफी आठवा. सरकारी शाळेत शिकवाल तर दर वर्षी १० टक्के माफ. आणि इथे सरकारी हायस्कूललाच कुलूप. वॉशिंग्टनच्या कायद्याने ज्या नोकरीचं बक्षीस लावलं होतं, ती नोकरी देणारं दार राज्याच्या कायद्याने बंद केलं, तेही दहा दिवसांत. दोन्ही 'शिक्षणधोरण'च.

याच शहरातल्या मतदारसंघात, आर्कान्साच्या पाचव्या, काँग्रेसची निवडणूक शिक्षणावरच लढली गेली. तिथले प्रतिनिधी ब्रूक्स हेज १९४३ पासून निवडून येत होते. ते काही क्रांतिकारक नव्हते. सदर्न मॅनिफेस्टोवर त्यांचीही सही होती. पण १९५७ मध्ये त्यांनी मध्यस्थी करून फॉबस आणि आयझेनहॉवर यांची भेट घडवून आणली, आणि तेवढं मवाळपण महागात पडलं. डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक फेरी त्यांनी जिंकली होती. तेव्हाच्या दक्षिणेत प्राथमिक फेरी जिंकली की निवडणूक जिंकल्यातच जमा, समोर रिपब्लिकन उमेदवारसुद्धा नव्हता. मतदानाला जेमतेम आठवडा उरला असताना डॉ. डेल ॲलफर्ड उभे राहिले. व्यवसायाने डोळ्यांचे डॉक्टर, आणि लिटल रॉकच्या शाळा मंडळाचे सदस्य, एकत्र शाळांचे कट्टर विरोधक. मतपत्रिकेवर नाव छापायची वेळ टळून गेलेली, म्हणून मतदारांनी त्यांचं नाव स्वतः लिहायचं. त्यासाठी नावाचे स्टिकर वाटले गेले. ॲलफर्ड यांना ३०,७३९ मतं, हेज यांना २९,४८३. फरक १,२५६ मतांचा. स्टिकरवरून तक्रारी झाल्या, चौकशी झाली, पण ॲलफर्ड यांची जागा टिकली.

देशाचा निकाल याच्या अगदी उलट्या दिशेला होता. डेमोक्रॅट्सनी हाउसमध्ये पन्नासच्या आसपास जागा जास्त मिळवल्या आणि सेनेटमध्येही मोठी मुसंडी मारली. शिक्षणावर जास्त खर्च हवा म्हणणारे बरेच नवे सदस्य आले. त्या वर्षीची मंदी, शेतमालाचे भाव, कामगार संघटनांचे प्रश्न ही त्यामागची मोठी कारणं होती. देशपातळीचा आकडा बघून 'शिक्षणाला कौल मिळाला' असं लिहिणाऱ्याने पाचवा मतदारसंघ एकदा बघावा. तिथे शाळा मंडळाचा सदस्य शाळा बंद असताना संसदेत गेला.

आता दुसरा कागद. आर्कान्साच्या त्या कायद्यांतला दहावा. सरकारी शाळेत किंवा कॉलेजात शिकवायचं तर दर वर्षी प्रतिज्ञापत्र द्यायचं : सध्या आणि गेल्या पाच वर्षांत मी ज्या ज्या संघटनेची सदस्य होते किंवा जिला नियमित वर्गणी देत होते, त्या सगळ्यांची यादी. यादी दिली नाही तर करार रद्द. कुठली संघटना चालेल, कुठली नाही, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती, कारण सगळ्यांना माहीत होतं की शोध कोणाचा चाललाय : एनएएसीपीच्या, म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी न्यायालयात लढणाऱ्या संघटनेच्या, सदस्यांचा. पुढच्याच वर्षी एनएएसीपीच्या सदस्यांना सरकारी नोकरी बंद करणारा कायदाही आला.

शब्दशः वाचलं तर यादी कुठवर जाते बघा. चर्च, क्लब, पक्ष, व्यावसायिक संघटना, सगळं. शिक्षक संघटनेने १९३० च्या दशकात हायस्कूलमध्ये 'फ्यूचर टीचर्स ऑफ अमेरिका' नावाची मंडळं सुरू केली होती. आपली मुलगी शाळेत असताना त्या मंडळात असेल, तर पाच वर्षांच्या हिशोबात तेही लिहायला हवं. शिक्षक व्हायचं स्वप्नसुद्धा जाहीर करायच्या यादीत! गोऱ्या मुलीसाठी ही कटकट होती. लिटल रॉकच्याच फिलँडर स्मिथ कॉलेजात शिकणाऱ्या काळ्या मुलीसाठी तो सापळा होता : खरं लिहिलं तर नोकरी जाणार, खोटं लिहिलं तर गुन्हा, आणि एनएएसीपीपासून लांब राहिलं तर ज्या लढ्यामुळे पुढे दारं उघडणार तोच लढा सोडायचा. आणि वॉशिंग्टन? त्याने स्वतःच्या कायद्यात आधीच लिहून टाकलं होतं, 'नोकरवर्गावर' आमचं नियंत्रण नाही.

या कागदाला नकार दिल्याची ठळक नोंद आहे ती मात्र होणाऱ्या शिक्षिकेची नाही, झालेल्या शिक्षकाची. लिटल रॉकच्या शाळांत २५ वर्षं नोकरी केलेले बी. टी. शेल्टन यांनी यादी द्यायला नकार दिला. ते एनएएसीपीचे सदस्य होते. त्यांचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि डिसेंबर १९६० मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी कायदा रद्द केला. निकालपत्र न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी लिहिलं. दरम्यान ५ मे १९५९ ला लिटल रॉकच्या शाळा मंडळातल्या तिघा वंशभेदवाद्यांनी, बाकीचे तिघे सभा सोडून गेलेले असताना, ४४ शिक्षक आणि अधिकाऱ्यांना काढून टाकायचा ठराव केला. शहरातल्या मवाळ गोऱ्यांना, ज्यांत ॲडॉल्फिन टेरी आणि त्यांच्या महिला समितीचा मोठा वाटा होता, खरी जाग आली ती इथे. २५ मे च्या मतदानात त्या तिघांनाच परत बोलावण्यात आलं. काळ्या मुलांसाठी न झालेली गोष्ट ओळखीच्या बाईंची नोकरी गेल्यावर झाली. हे कडू आहे, पण मतांचे आकडे तसंच सांगतात.

तुमच्यापैकी कुणाला हा धागा पुढे न्यायचा असेल तर थोडं व्यावहारिक बोलतो. कायद्याचा इतिहास वाचायला बार्बरा क्लाउज यांचं 'ब्रेनपॉवर फॉर द कोल्ड वॉर' आहे. लिटल रॉकच्या हरवलेल्या वर्षासाठी सॉन्ड्रा गॉर्डी यांचं 'फाइंडिंग द लॉस्ट इयर', ज्यात शिक्षक-विद्यार्थ्यांच्या मुलाखती आहेत. पहिल्यात शिक्षक होणारी मुलगी धोरणाचं लक्ष्य आहे, दुसऱ्यात रिकाम्या वर्गातले शिक्षक आहेत. या दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत आपला प्रश्न बसतो. साधनं म्हणून मी आधी कॉलेजांची विद्यार्थी-वृत्तपत्रं धरीन, मग कर्जयोजनेची कॉलेजपातळीची कागदपत्रं, मग मौखिक इतिहास. मुलाखतींबाबत एक सावधगिरी : १९५८ मध्ये काय वाटलं होतं हे सांगणारी व्यक्ती १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतरच्या जगातून बोलत असते. आपण तेव्हा शाळा बंद करण्याच्या बाजूने होतो असं कबूल करणारी माणसं मुलाखतीत कमीच भेटतात. २७ सप्टेंबरच्या मतपेटीत ती १९,४७० होती.

आणि कालरेषा नेहमी त्या मुलीच्या वयावर बेतून काढा, राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीवर नको. समजा ती १९५८ च्या शरदात अठराव्या वर्षी आर्कान्सात कॉलेजात गेली आणि कर्ज घेतलं. दहाव्या कायद्याचा निकाल लागला तेव्हा ती तिसऱ्या वर्षाला होती. १९६२ च्या उन्हाळ्याआधी ती पदवी घेऊन बाहेर पडली. कर्जाचं प्रतिज्ञापत्र काँग्रेसने रद्द केलं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तिची शेवटची सही होऊन गेल्यावर. पोल टॅक्सची पावती घेऊन काँग्रेससाठी पहिलं मत द्यायला ती गेली ते नोव्हेंबर १९६२ मध्ये. तोवर जनगणनेनंतर राज्याच्या सहाच्या चार जागा झाल्या होत्या, ॲलफर्ड गव्हर्नरपदाच्या प्राथमिक फेरीत फॉबसकडून हरले होते, आणि मतपत्रिकेवर त्यांचंही नाव नव्हतं, हेज यांचंही नव्हतं.